हातचा नेमका कुठे असतो?

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात मी मागच्या रांगेत बसलो होतो. पडद्यावर मेंदूचे चित्र होते. कपाळामागचा भाग लाल रंगवलेला होता आणि त्याला बाण लावून लिहिले होते : 'वर्किंग मेमरी'. व्याख्याते म्हणाले, माणूस असो, माकड असो की उंदीर, तात्पुरती धरून ठेवायची माहिती मेंदू इथेच ठेवतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी हे कधीच सिद्ध झाले आहे. एका शिक्षिकेने हात वर केला. त्यांच्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा बेरीज करताना हातचा विसरतो. "म्हणजे त्याचा हा लाल भाग कच्चा आहे का?" व्याख्यात्यांनी क्षणभरही न थांबता होकार दिला.

त्या होकाराचा प्रतिवाद मला त्याच वेळी करायला हवा होता. तो आता करतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी ते सिद्ध केलेले नाही, आणि ज्या प्रयोगांची नावे या वाक्याच्या पाठीशी उभी केली जातात ते मुळातून वाचले तर त्यांतूनच वेगळे काही निघते, असे माझे म्हणणे आहे.

आधी हातच्याबद्दल. सत्तावीस आणि अठ्ठावीस यांची बेरीज करताना सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. तो एक दशकाची बेरीज होईपर्यंत टिकला पाहिजे आणि काम झाले की गेला पाहिजे; पुढच्या गणितात तो रेंगाळला तर तेही उत्तर चुकते. मानसशास्त्रात ज्याला वर्किंग मेमरी म्हणतात, मराठीत कोणी कार्यस्मृती म्हणतात, तिचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. थोडा वेळ धरायचे, वापरायचे आणि सोडून द्यायचे. आपल्या भाषेने त्याला 'हातचा' हा शब्द दिला आणि कितीतरी मुले तो खरोखरच हातावर ठेवतात, एक बोट दुमडून. त्या दुमडलेल्या बोटाकडे मी पुन्हा येणार आहे.

प्रतिपक्षाची बाजू भक्कम आहे, आणि तिचा सगळा जोर आधी वाचकांपुढे ठेवला पाहिजे. येल विद्यापीठात कार्लाइल जेकबसन यांनी १९३०च्या दशकात माकडांना एक साधे काम दिले. माकडाच्या देखत दोन वाट्यांपैकी एकीखाली खाऊ लपवायचा, मध्ये पडदा पाडायचा, काही सेकंदांनी तो उचलायचा आणि माकडाला वाटी निवडू द्यायची. धडधाकट माकडाला हे सहज जमते. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा पुढचा भाग काढून टाकलेली माकडे मात्र अंदाजाने हात घालू लागली. समोर दिसणाऱ्या दोन वस्तूंमधला फरक ओळखून बक्षीस मिळवणे त्यांना जमत होते. म्हणजे नजर शाबूत, शिकण्याची ताकद शाबूत, खाण्याची इच्छा शाबूत. अडत होते ते फक्त मधले काही सेकंद पार करणे.

मग १९७१ साली होआकिन फुस्टर आणि गॅरेट अलेक्झांडर यांनी अमेरिकेत, आणि किसो कुबोटा व हिरोआकी निकी यांनी जपानमध्ये, जाग्या माकडाच्या कपाळामागच्या बाहेरच्या थरात, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून एकेका चेतापेशीचे संदेश नोंदवले. काही पेशी खाऊ दिसत असताना नव्हे आणि हात हलवतानाही नव्हे, तर मधल्या रिकाम्या काळात तडतडत राहत होत्या. १९८९ साली शिंतारो फुनाहाशी, चार्ल्स ब्रूस आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी हे आणखी धारदार केले. माकडाने पडद्याच्या मध्यबिंदूवर नजर रोखायची, भोवतालच्या आठ जागांपैकी एका जागी ठिपका क्षणभर चमकून जायचा, आणि काही सेकंदांनी, जिथे आता काहीच उरलेले नाही, त्या जागेकडे माकडाने नजर वळवायची. त्यांना आढळले की एक पेशी वरच्या ठिपक्यासाठी टिकून राहते, दुसरी डावीकडच्यासाठी. पुढे १९९३ साली त्या भागाला लहानशी इजा केल्यावर, उलट बाजूच्या जागा लक्षात ठेवायच्या असतील तेव्हाच माकड चुकू लागले. ठिपका समोर दिसत असेल तर नजर बरोबर वळत होती. इतके स्वच्छ प्रयोग जीवशास्त्रात फार थोडे होतात. मी ते विद्यार्थ्यांना शिकवताना आजही थरारून जातो.

तरीही त्यांतून 'वर्किंग मेमरी इथे राहते' हे निघत नाही.

जेकबसन यांची माकडे चुकली, हे खरे. ती का चुकली? हा प्रश्न रॉबर्ट माल्मो यांनी १९४२ साली विचारला. त्यांनी मधल्या काळात खोलीतले दिवे बंद केले, एवढेच. पुढचा मेंदू काढलेली तशीच माकडे अंधारात बरीच चांगली निवड करू लागली. त्याच वर्षी जॉन फिनान यांनी माकडांना थांबण्याआधी योग्य जागी खाऊचा एक घास खाऊ दिला. त्यांचीही कामगिरी सुधारली. पुढे १९६७ साली कार्ल प्रिब्रम आणि विल्यम टब्स यांनी डावी-उजवी आळीपाळीने निवडण्याच्या कामात फक्त अंतरे बदलली. सगळीकडे सारखा वेळ ठेवण्याऐवजी डाव्या-उजव्याच्या जोडीत ५ सेकंद आणि दोन जोड्यांमध्ये १५ सेकंद. ज्या माकडांना हे काम अशक्य समजले जात होते त्यांना ते जमू लागले.

खाऊ कोणत्या वाटीखाली आहे ही माहिती त्या काढून टाकलेल्या भागातच ठेवली जात असती, तर दिवा मालवून ती परत कुठून आली? जे काढून फेकले आहे ते अंधार करून उगवत नाही. माहिती दुसरीकडे कुठेतरी धरली जात होती. तिला आजूबाजूच्या गोष्टींच्या माऱ्यापासून राखणे, किंवा मुळात ती नीट पकडणे, हे काम बिघडले होते. माल्मो यांच्या निबंधाच्या नावातच व्यत्यय हा शब्द आहे. हा निबंध माझ्या वडिलांच्या पिढीचा आहे आणि तो आजही प्रशिक्षणवर्गापर्यंत पोचलेला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

घाटात दरड कोसळली आणि गावात एसटी आली नाही, म्हणून एसटी घाटात राहते असे आपण म्हणत नाही. रस्ता तिथून जातो एवढेच त्यावरून कळते. मेंदूचा एक भाग काढल्यावर एखादे काम थांबले, तर त्या कामाची वाट त्या भागातून जाते हे कळते. ती वाट कामाच्या सुरुवातीला जाते, मध्ये की शेवटी, आणि दुसरी वाट होती की नव्हती, हे इजेच्या प्रयोगातून आपोआप कळत नाही. १९९३च्या निष्कर्षांचा मान राखून मी एवढे कबूल करतो की नजर वळवण्याच्या त्या कामात, त्या जातीच्या माकडात, प्रीफ्रंटलची वाट टाळता येत नाही. एवढा मर्यादित निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे. तो उचलून उंदरावर आणि तिसरीच्या मुलावर ठेवणे मला मान्य नाही.

आता दुमडलेले बोट. या सगळ्याच्या आधी, १९१३ साली, वॉल्टर हंटर यांनी उंदीर, कुत्रे, रॅकून आणि लहान मुले यांना तीन दारांसमोर उभे केले. एका दारात दिवा लागायचा, विझायचा, आणि थोडा वेळ थांबवून मग सोडल्यावर ते दार निवडायचे. उंदीर जास्तीत जास्त १० सेकंद तग धरू शकले, रॅकून २५ सेकंद, कुत्रे ५ मिनिटे आणि मोठी मुले २५ मिनिटे. आकड्यांपेक्षा महत्त्वाचे ते हंटर यांनी शेजारी लिहून ठेवले आहे. उंदीर आणि कुत्रे थांबलेल्या काळात आपले अंग किंवा डोके योग्य दाराकडे रोखून धरत. ती दिशा मोडली की त्यांची निवड मोडे. रॅकून आणि मुले मात्र मध्ये इकडेतिकडे वळूनही बरोबर दार गाठत. म्हणजे कुत्र्याची ५ मिनिटे ही आपण समजतो त्या अर्थाने त्याच्या स्मृतीची ५ मिनिटे नव्हती. हातचा त्याने आपल्या मानेत ठेवला होता.

हा धडा जुना झालेला नाही. आजच्या प्रयोगशाळेत उंदराचे डोके पट्टीने घट्ट बसवलेले असते. तरीही त्याच्या मिशा, डोळ्यांच्या बाहुल्या, जबडा आणि पाय हलत असतात. २०१९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले की कॉर्टेक्समध्ये नोंदवल्या जाणाऱ्या चेतापेशींच्या हालचालीचा फार मोठा हिस्सा प्राण्याच्या अशाच बारीकसारीक हालचालींशी बांधलेला असतो. मधल्या काळात एखाद्या भागातली पेशी टिकून तडतडली, तर ती स्मृती धरते आहे की स्मृती धरणाऱ्या शरीराची खबर घेते आहे, हे प्रत्येक प्रयोगात नव्याने तपासावे लागते. ते न तपासता लाल रंग भरणे हा आळस आहे.

शब्दाचाही एक घोळ आहे, आणि त्याने पुष्कळ नुकसान केले आहे. प्राण्यांच्या बाबतीत 'वर्किंग मेमरी' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. १९७६ साली डेव्हिड ओल्टन आणि रॉबर्ट सॅम्युएल्सन यांनी आठ वाटांचे चक्रव्यूहासारखे साधन वापरले. मधल्या चौथऱ्यावरून आठ वाटा फुटतात, प्रत्येकीच्या टोकाला एकच दाणा असतो. उंदीर गेलेल्या वाटेला पुन्हा क्वचितच जातो. आज, या फेरीत, कुठे जाऊन आलो याची जी नोंद त्याला लागते, तिला ओल्टन वर्किंग मेमरी म्हणू लागले. ही नोंद फेरी मध्येच थांबवून तासांनी पुन्हा सुरू केली तरी टिकते. आणि हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूच्या एका भागाला, इजा झाली की ती कोलमडते. दुसरीकडे, हेन्री मोलेसन या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग १९५३ साली शस्त्रक्रियेत काढला गेला; त्यांना नवे काही दीर्घकाळ लक्षात राहत नसे, पण सांगितलेले काही आकडे तेवढ्यापुरते धरून लगेच परत म्हणणे त्यांना जमत होते. मग हिप्पोकॅम्पस वर्किंग मेमरीसाठी लागतो की नाही? दोन्ही उत्तरे छापील आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण प्रश्नातला शब्द दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतो. एका यादीत 'हिप्पोकॅम्पस : हो' आणि दुसऱ्या यादीत 'हिप्पोकॅम्पस : नाही' असे वाचून गोंधळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. चूक त्यांची नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्रकाशाच्या झोताने ठराविक चेतापेशी क्षणभर गप्प करण्याचे, ऑप्टोजेनेटिक्सचे, तंत्र हाती आले आणि एक जुनी अडचण सुटली. कापलेला भाग कायमचा जातो. प्रकाशाने गप्प केलेला भाग अर्ध्या सेकंदासाठीही गप्प करता येतो. त्यामुळे 'कुठे' याच्या जोडीला 'कधी' विचारता आले, आणि तिथे ते लाल चित्र टिकत नाही.

२०१४ साली शांघायमधल्या एका गटाने छोट्या उंदरांना वासाचे काम शिकवले : पहिला वास, मग काही सेकंद काहीच नाही, मग दुसरा वास, दोन्ही वेगळे असतील तर चाटायचे. शिकण्याच्या दिवसांत मधल्या काळात प्रीफ्रंटलचा आतल्या बाजूचा भाग गप्प केला की उंदीर मागे पडत. पण काम पक्के शिकलेल्या उंदरांत तोच भाग, त्याच मधल्या काळात, तसाच गप्प केला तर काहीच बिघडले नाही. तेच काम, तीच जात, तोच भाग. उत्तर मात्र प्राणी नवशिका आहे की सरावलेला यावर अवलंबून. २०१५ साली न्यूयॉर्कमधल्या गटाने हिप्पोकॅम्पसमधून प्रीफ्रंटलकडे येणारे तंतू फेरीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर गप्प केले. जागा प्रथम मनात घेताना त्यांची गरज होती, नंतर ती धरून ठेवताना नव्हती. २०१७ साली थॅलॅमस या मेंदूच्या गाभ्यातल्या भागाच्या मध्यभागातल्या केंद्राकडून प्रीफ्रंटलकडे येणाऱ्या तंतूंबद्दल उलट आढळले : धरून ठेवण्याच्या काळात तेच हवे होते, आणि उलट दिशेचे, प्रीफ्रंटलकडून थॅलॅमसकडे जाणारे तंतू, निवड करण्याच्या वेळी. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले की उंदराच्या पुढच्या कॉर्टेक्समधली टिकून राहणारी हालचाल, जोडलेला थॅलॅमस गप्प करताच विझते, आणि कॉर्टेक्स गप्प केला तर थॅलॅमस विझतो. वर्षभरात याच मालिकेत अनुमस्तिष्कही आले; ज्याला आपण शाळेत फक्त तोल सांभाळणारा लहान मेंदू म्हणून शिकलो.

थॅलॅमसचे नाव वाचून ज्यांना हे सगळे नवे फॅड वाटत असेल त्यांनी १९७१चा फुस्टर आणि अलेक्झांडर यांचा निबंध उघडावा. ज्या निबंधाला प्रीफ्रंटलच्या सिंहासनाचा पायाचा दगड मानले जाते, त्यात नोंदी दोन ठिकाणच्या आहेत : प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि थॅलॅमसचे तेच मध्यभागातले केंद्र. दोन्हीकडे पेशी मधल्या काळात टिकल्या होत्या. पाठ्यपुस्तकांनी निम्मा भाग उचलला आणि निम्मा गाळला. गोल्डमन-राकिच यांच्या बाबतीतही तसेच झाले. १९८८ सालच्या त्यांच्या गाजलेल्या आढाव्याचा विषयच कॉर्टेक्समधली समांतर, विखुरलेली जाळी हा होता, आणि त्यांच्या प्रयोगशाळेनेच पुढे दाखवले की नजरेच्या त्याच कामात डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा, पॅरिएटल, कॉर्टेक्सही जवळजवळ तशीच टिकाऊ हालचाल दाखवतो. ज्यांच्या नावाने 'एकच जागा' असे सांगितले जाते त्यांनी स्वतः तसे म्हटले नव्हते.

पॅरिएटलचा विषय निघाला म्हणून एक प्रयोग थोडा थांबून सांगतो. मला तो या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अथेना अक्रमी आणि सहकाऱ्यांनी प्रिन्स्टनमध्ये उंदरांना दोन आवाज ऐकवले, मध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवून, आणि कोणता मोठा ते ओळखायला शिकवले. पहिल्या आवाजाची पातळी धरून ठेवल्याशिवाय तुलना होऊच शकत नाही, म्हणजे अगदी हातच्याचेच काम. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी मागचा पॅरिएटल कॉर्टेक्स गप्प केला. जुन्या विचाराने उंदीर बिघडायला हवे होते. ते सुधारले. त्यांची उत्तरे आधीपेक्षा अचूक आली. कारण शोधल्यावर दिसले की तो भाग आधीच्या फेऱ्यांत ऐकलेल्या आवाजांचा इतिहास वाहून आणत होता, आणि धरलेला पहिला आवाज त्या इतिहासाच्या सरासरीकडे ओढला जात होता. तो भाग गप्प झाला की ओढ गेली. म्हणजे जुन्या गणितातला हातचा नव्या गणितात रेंगाळवणारा भाग मेंदूत आहे, आणि त्याचे वर्किंग मेमरीतले 'योगदान' या कामात अडथळ्याचे होते. नेहमीच्या जगात, जिथे कालचे आवाज आजच्या आवाजाबद्दल खरोखर काही सांगतात, तीच ओढ उपयोगाची असणार असे मला वाटते. 'हा भाग स्मृती ठेवतो' या वाक्यात अशा भागाला बसायला जागाच नाही.

यावर एक वाजवी आक्षेप येतो : क्षणभर गप्प करणे हा काटेकोर पुरावा, कापणे हा ओबडधोबड, तेव्हा नव्या तंत्राने जे दिसेल ते अंतिम मानावे. मलाही तसे वाटत असे. पण २०१५ साली हार्वर्डच्या गटाने उंदरांत आणि झेब्रा फिंच पक्ष्यांत याचा खोलवर तपास केला. उंदराचे शिकलेले कौशल्य मोटर कॉर्टेक्स अचानक गप्प केल्यावर कोसळले; पण तोच भाग कायमचा काढून उंदराला सावरायला वेळ दिला तर कौशल्य शाबूत आढळले. अचानक धक्क्याने त्या भागाशी जोडलेले दुसरे भागही हादरतात, आणि आपण त्या हादऱ्याला पहिल्या भागाचे काम समजतो. त्यामुळे वर सांगितलेल्या प्रकाशाच्या प्रयोगांकडेही मी याच सावधपणाने पाहतो. कापल्याने भरपाई दिसते, गप्प केल्याने हादरा दिसतो. दोन्ही पद्धती एकाच दिशेने बोलतील तेव्हाच विश्वास वाढवावा.

आता ज्यांचा युक्तिवाद 'प्राणी' या शब्दावर उभा आहे त्यांच्यासाठी. कावळ्याला कॉर्टेक्स नाही, निदान आपल्यासारखा सहा थरांचा नाही. तरीही तो एक चित्र पाहून, थांबून, चार चित्रांतून तेच निवडू शकतो. २०१४ साली जर्मनीत ट्युबिंगेन इथे आंद्रेआस नीडर यांच्या गटाने कावळ्याच्या मेंदूच्या मागच्या टोकाजवळच्या निडोपॅलियम कॉडोलॅटरेल या भागात मधल्या काळात टिकून राहणाऱ्या पेशी नोंदवल्या. कबुतरात तशाच पेशी २००२ सालीच सापडल्या होत्या, आणि त्या भागाला इजा झाल्यावर कबुतरे अशा कामांत चुकतात हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या वाटा ३० कोटी वर्षांहून आधी वेगळ्या झाल्या. कपाळामागची जागा ही स्मृतीची अट असती तर अंगणातल्या कावळ्याने चपातीचा तुकडा कुठे खुपसला हे त्याला पुढच्या क्षणी आठवता कामा नये.

आणखी लहान व्हा. फळमाशी एका उभ्या पट्टीकडे चालत असते. मध्येच ती पट्टी नाहीशी करून बाजूला दुसरी दाखवतात, माशी तिकडे वळते. मग तीही नाहीशी करतात. माशी पुन्हा पहिल्या, आता न दिसणाऱ्या पट्टीच्या दिशेने चालू लागते. २००८ साली दाखवले गेले की यासाठी तिच्या मेंदूच्या मध्यावरच्या कड्यासारख्या भागातल्या पेशी लागतात. तिच्या सगळ्या मेंदूत मिळून १ लाख ४० हजारांच्या आसपास चेतापेशी असतात. थोड्या सेकंदांचा हातचा तीही धरते.

इथपर्यंत आलेल्या काही विद्वानांनी दुसऱ्या टोकाला उडी मारली आहे, आणि ती मला पहिल्याइतकीच चुकीची वाटते. त्यांच्या मते स्मृती सगळीकडे आहे, मेंदूत जिथे पाहाल तिथे तिचा माग सापडतो, तेव्हा जागांची चर्चाच सोडावी. माग सापडतो हे खरे. उंदरांना आभासी बोळातून चालवून, वळण घेण्याआधी खुणा मोजून लक्षात ठेवायला लावले की कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावरचे कितीतरी भाग गप्प केल्याने फरक पडतो, हे २०१९ साली दिसले आहे. पण 'पुष्कळ भाग' म्हणजे 'सगळे भाग सारखेच' नव्हे. माकडात हालचालीची दिशा ओळखणारे दोन भाग अगदी शेजारी आहेत, एमटी आणि एमएसटी. दिशा लक्षात ठेवायला लावली की एमटीतल्या पेशींचा टिकाऊ मारा दिसत नाही आणि एक पाऊल पुढे एमएसटीत दिसतो. २०१४ सालचे हे निरीक्षण मला सीमारेषेसारखे स्वच्छ वाटते. १९९६ साली अर्ल मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की मध्ये दुसरी चित्रे दाखवली की दृष्टीचे काम करणाऱ्या खालच्या टेम्पोरल भागातली हालचाल पुसली जाते आणि प्रीफ्रंटलमधली टिकते. जागा महत्त्वाच्या आहेत. माल्मो यांच्या अंधारातल्या माकडांशी हे निरीक्षण किती नीट जुळते ते पाहा : प्रीफ्रंटलचा हक्क व्यत्ययात टिकाव धरण्यावर आहे. तो लहान हक्क नाही. मात्र तो मालकीचा हक्क नाही.

टिकून तडतडणाऱ्या पेशींबद्दलचा वादही आज मिटलेला नाही. मधल्या काळात हालचाल सलग राहते, की ठोक्याठोक्याने येते आणि मधल्या शांततेत माहिती चेतापेशींच्या जोडांच्या तात्पुरत्या बदलांत राहते, यावर २०१८ साली दोन्ही पक्षांनी एकमेकांसमोर लेख लिहिले. ज्या प्रश्नावर या क्षेत्रातले आघाडीचे लोक समोरासमोर उभे आहेत, तो प्रशिक्षणवर्गात 'कधीच सिद्ध झाले आहे' म्हणून सांगणे हे श्रोत्यांशी अप्रामाणिकपणाचे आहे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे त्या वर्गानंतर चहाच्या वेळी मला विचारले गेले. शिक्षकांना ढोबळ चित्र पुरे, असा त्यामागचा भाव होता. त्याचे उत्तर जेकबसन यांच्याच प्रयोगशाळेत आहे.

जेकबसन आणि त्यांचे येलमधले सहकारी जॉन फुल्टन यांच्याकडे माकडांखेरीज दोन चिंपांझी माद्या होत्या, बेकी आणि ल्यूसी. बेकी वाटी चुकली की रागाने बेभान व्हायची, पुढे पुढे तर कामाच्या पिंजऱ्यात जायलाच नकार द्यायची. दोन्ही बाजूंचा पुढचा मेंदू काढल्यावर ती चुका करतच राहिली, पण त्यांचे तिला काहीच वाटेनासे झाले. हे निरीक्षण ऑगस्ट १९३५ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले गेले. पोर्तुगालचे मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझ तिथे होते. माणसाच्या पुढच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना आपल्या मनात आधीपासून होती असे मोनिझ यांचे म्हणणे, ती या सादरीकरणातून मिळाली अशी फुल्टन यांची आठवण. पण तारखा स्पष्ट आहेत. १२ नोव्हेंबर १९३५ रोजी लिस्बनमध्ये पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. पुढची दोन दशके जगभर हजारो माणसांच्या पुढच्या मेंदूचे तंतू छेदले गेले आणि १९४९ साली मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'हा भाग हे काम करतो, तो काढला की ते काम जाते' या एका ओळीवर विसंबून ही माणसे टेबलावर झोपवली गेली. बेकी शांत झाली हे सगळ्यांनी ऐकले.

ल्यूसी शस्त्रक्रियेआधी शांत होती. चुका झाल्या तरी ती फारशी बिथरत नसे. तिच्यावर तीच शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर ती चुकली की संतापू लागली. ही नोंदही त्याच प्रयोगशाळेने केली आहे.